आक्काचं रीळ

"मामा, शपथेवर सांगा," मी म्हणालो, "दुसऱ्या भागात आक्का आहे की नाही?"

दस्तगीरमामांनी प्रोजेक्टरच्या भिंगावर फुंकर मारली, मलमलच्या फडक्यानं ते पुसलं, उजेडाकडं धरून पाहिलं आणि पुन्हा पुसलं. रविवारची सकाळ होती, साडेआठ वाजले होते. दहा वाजता जयसिंगपूरच्या वाचनालयात माझा वाद होता आणि त्या वादातला माझा एकुलता एक पुरावा या माणसाच्या ताब्यात होता.

"शपथ कशाला?" मामा म्हणाले. "सहाशे माणसानं बघितलीया की."

"तेच तर मी म्हणतोय. पण शिरोळचे ते दिवाण म्हणतात, आक्का पहिल्या भागात मेली ती मेली. दुसऱ्यात तिचं नखसुद्धा दिसत नाही. तेवढं रीळ मला डोळ्यांनी बघू द्या, मग बघतो त्यांच्याकडं."

"रीळ कुठलं दाखवू सर? पिक्चर जाऊन आठ महिनं झालं."

"मग लिहून द्या. ऑपरेटर म्हणून."

मामांनी फडकं खाली ठेवलं. "बसा जरा," म्हणाले. केबिनमध्ये बसायला त्यांची खाट तेवढी होती. मी बसलो. त्यांनी वाकून खाटेखालून एक पत्र्याचा गोल डबा ओढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. डब्यावर खडूनं लिहिलं होतं: 'खूंखार टापू, भाग १, रीळ ११'.

"ही तुमची आक्का," मामा म्हणाले.

ज्यांचं तारुण्य अधिक सत्कारणी लागलं त्यांच्यासाठी इथं थोडा खुलासा करायला हवा. 'खूंखार टापू' हा हिंदीत बोलणारा परदेशी चित्रपट. एक बेट असतं, त्यावर डायनोसॉर असतात, तिथं जाऊ नये असं सगळे सांगत असतात आणि म्हणून सगळे तिथं जातात. त्यातली थोरली मादी कड्यावर उभी राहून मान तिरकी करून जी बघायची, ती नजर पाहून पहिल्याच दिवशी पुढच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं होतं, "आक्का आली रं!" तेव्हापासून ती आक्का. शेवटी आपलं अंडं वाचवताना आक्का कड्यावरून कोसळते. आमच्या गावात अकरा आठवडे ती रोज कोसळत होती.

मग आला दुसरा भाग, 'खूंखार टापू की वापसी'. अंड्यातून निघालेला बाळ्या आता तीन मजली झालेला. त्यानं शास्त्रज्ञ डॉक्टरला पायाखाली घेतलंय, जबडा उघडलाय, आणि तेवढ्यात पडद्यावर आक्का. मुसळधार पाऊस. ती अंडं चाटते आहे, अंड्यावर मान ठेवून बसली आहे, आभाळाकडं तोंड करून हंबरते आहे. सात मिनिटं. मग पुन्हा बाळ्या. तो पाठ फिरवतो आणि गुमान समुद्रात चालायला लागतो. का, ते कुणीही बोलून दाखवत नाही.

आमचं थेटर त्या वेळी ढसाढसा रडायचं. मी तर गावच्या साप्ताहिकात लेखच लिहिला: 'पूर्वभागाहून श्रेष्ठ उत्तरभाग'. त्यात 'परदेशी दिग्दर्शकाचा संयम' असा शब्दप्रयोग मी तीन वेळा केला होता. त्यावर शिरोळहून दिवाणांचं पत्र आलं, की लेखकानं वर्णिलेला प्रसंग चित्रपटात नाही. मी उत्तर दिलं. त्यांनी प्रत्युत्तर दिलं. सात-आठ महिने हे चाललं. शेवटी पुढच्या शुक्रवारी तिसरा भाग लागणार म्हटल्यावर वाचनालयानं आम्हा दोघांना समोरासमोर उभं करायचं ठरवलं. अध्यक्ष म्हणून सांगलीच्या एका दैनिकाचे रविवार पुरवणीचे संपादक यायचे होते. त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, "हेरवाडे, तुम्ही बरं लिहिता. रविवारी जमवलंत तर सिनेमाचं सदर तुमचं." मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. ज्यानं आठवी ब ला खारे वारे आणि मतलई वारे शिकवले आहेत, त्याला त्या सदराची किंमत कळेल.

"हे झालं कसं?" मी मांडीवरच्या डब्याला हात न लावता विचारलं.

"प्रिंट एकच हुतं," मामा म्हणाले. "शिरोळला साडेपाचचा खेळ, आपल्याकडं सहाचा. तिकडं रीळ संपलं की आपला पोऱ्या महावीर राजदूत फटफटीवरनं हिकडं आणायचा. पयल्या दिवशी रेल्वेच्या फाटकावर उसाच्या गाड्या अडकल्या. महावीर अडकला. चालू रीळ संपत आलं, पुढचं न्हाई. पडदा पांढरा पडला की पब्लिक खुर्च्या मोडतंय. हाताला हे लागलं. पयल्या भागाचं सगळं डबं परत गेलं हुतं, ह्यो एक खाटंखाली ऱ्हायला हुता. लावला."

"आणि?"

"सात मिन्टांनी महावीर आला. मी दुसऱ्या मशीनवर खरं रीळ चढवलं, हे बंद केलं, ते चालू केलं. तर बाळ्या वळून चालला हुता."

"मग खऱ्या पिक्चरमध्ये बाळ्या का वळतो?"

मामांनी माझ्याकडं अपराध्यासारखं पाहिलं. "हेलिकॉप्टर येतंय. गुंगीची सुई मारत्यात. घाईत रीळ चढवताना सुरवातीचा तेवढा तुकडा पुढं निघून गेला."

दिग्दर्शकाच्या संयमावर मी एकूण दोन हजार शब्द लिहिले होते.

"बरं, एक दिवस चुकून झालं. मी चार वेळा पाहिलाय मामा. चारही वेळा आक्का होती."

"रोजच रीळ लेट, रोजच घाई! ऊस काय एक दिवस असतोय? आन् पब्लिक वाट बघायचं. चौथ्या दिवशी खाली कुणीतरी उदबत्ती लावून बसलं हुतं. एकोणीस दिवस लावलं."

"अण्णांना माहीत आहे?"

मामा एकदम खाटेच्या कडेवर टेकले.

थेटरचे मालक अण्णा मगदूम स्वतः सिनेमा बघत नसत. हलवायानं पेढा खाऊ नये तसं त्यांचं होतं. पण 'माणसानं तिकीट पुरं काढलंय, पिक्चर पुरा दाखवायचा' हे वाक्य त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं. मामांच्या आधीच्या ऑपरेटरनं शेवटची एसटी गाठायला एक गाणं गाळलं, तर अण्णांनी त्याला मध्यंतरातच घरी पाठवलं होतं. गाणं भिकार होतं, हे अण्णांनाही मान्य होतं.

"कमी केलं म्हणून त्येला काढला," मामा म्हणाले. "मी तर कमीबी केलंय आन् जास्तीबी घातलंय. बत्तीस वर्सं झाली सर. दोन ऱ्हायल्यात. ह्या वयात मला कोण ठिवील? मला दुसरं येतंय काय?"

मग मामांनीच खिशातून पेन काढलं, डब्यांच्या पावत्यांची वही उलटी केली आणि विचारलं, "काय लिहू? तुमचं पेपरातलं काम अडत आसलं तर देतो लिहून. खोटं न्हाई लिहिणार, मी घातलं म्हणून लिहितो."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. आता काय करता? मी वही मिटली आणि जिना उतरलो.

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत टोपीवाले अण्णा मगदूम, कारण त्या खुर्च्या त्यांनीच दिलेल्या होत्या. शेवटच्या रांगेत, दाराला लागून दस्तगीरमामा. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं.

दिवाण शिरोळच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. उंच, कोरडे, आणि जगातल्या कुठल्याही प्राण्याकडं तो आजारी असल्यासारखं बघणारे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "उत्तरभाग ही संकल्पनाच मला मान्य नाही. म्हैस एकदा व्याली म्हणजे दरवर्षी तितकंच दूध देते असं नाही."

"खुराक बघाय लागतोय!" मागून आवाज आला.

"खुराक भरपूर होता," दिवाण म्हणाले. "खर्च दुप्पट, डायनोसॉर दुप्पट, आणि गोष्ट भाकड. आता हेरवाडे सरांच्या त्या प्रसंगाकडं येतो. अंडज प्राण्यात असलं मातृप्रेम नसतं."

"कोंबडीचं काय?" निवृत्त तलाठी पाटणे उभे राहिले.

"कोंबडी अपवाद."

"आन् मगर?"

"मगरही अपवाद."

"मग नियमात कोण हाय? पाल?"

हशा पिकला. संपादकांनी माझ्याकडं बघून हसून मान हलवली. सदर माझ्याकडं चालत येताना मला स्पष्ट दिसत होतं.

दिवाण हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली. "ही कंपनीची सीडी. कोल्हापुरातून आणलीय. वाचनालयाच्या टीव्हीवर लावतो. डोळ्यांनीच बघा."

लावली. बाळ्यानं डॉक्टरला पायाखाली घेतलं. जबडा उघडला. अख्खं सभागृह पुढं झुकलं. आणि फडफडत हेलिकॉप्टर आलं. सुई लागली. बाळ्या झिंगल्यासारखा वळला आणि समुद्रात गेला.

एकच कल्ला झाला.

"सीडी खोटी हाय!"

"कापलंय! सेन्सॉरनं कापलंय!"

"मी स्वतः बघितलीया," पाटणे तलाठी ओरडत होते. "बायकू संगं हुती. घरी जाऊन जेवली न्हाई ती!"

दिवाणांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला त्यांचा तेव्हा राग आला, पण माणूस हुशार होता. "तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणतच नाही," ते म्हणाले. "तुम्ही बघितलं असेल. शिरोळला तेच प्रिंट मी बघितलं, त्यात नव्हतं. म्हणजे शिरोळ सोडल्यावर आणि इथं पडद्यावर येण्याआधी ते कुणीतरी आत घातलं. मगदूमसाहेब, आपले ऑपरेटर मागे बसलेत. आपणच विचारा ना त्यांना."

अण्णांनी सावकाश मान मागं वळवली. दोनशे माना वळल्या. दस्तगीरमामा उभे राहिले. त्यांच्या हातात सकाळचं ते फडकं अजून होतं.

"विचारायची गरज नाही," मी म्हणालो.

माझा आवाज मला जरा उंच लागला. "दिवाणांचं बरोबर आहे. तो प्रसंग दुसऱ्या भागात नाही. मी पहिला भाग फार वेळा पाहिला होता. दुसरा पाहताना माझा डोळा लागला असावा, आणि आक्का मला स्वप्नात दिसली."

"आन् आमाला?" पाटणे म्हणाले.

"तुम्ही माझा लेख वाचलात. त्यामुळं तुम्हालाही पाहिल्यासारखं वाटायला लागलं."

"तुमचा लेख कोण वाचतंय!"

हे मात्र खरं होतं. पुढची दहा मिनिटं मी माझ्या गावाला समजावत होतो की तुम्ही ज्याच्यासाठी रडलात ते घडलंच नाही. कुणीतरी मला फितूर म्हणालं. माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी 'मास्तरच झोपतोय तर पोरं काय करतील' असा व्यापक मुद्दा मांडला. मी दाराकडं पाहिलं. मामा खाली बसले होते आणि फडकं तोंडावर धरून होते.

संपादक समारोपाला उठले. "समीक्षकाला मतं नसली तरी चालतं," ते म्हणाले, "पण तो जागा असावा." मग त्यांनी दिवाणांच्या अभ्यासू वृत्तीचं कौतुक केलं आणि तिथंच, माइकवर, त्यांना सदर लिहायची विनंती केली. दिवाणांनी खिशातली डायरी बघून होकार दिला. त्या सदराचं नाव पुढं 'शवविच्छेदन' असं पडलं. ते चौदा वर्षं चाललं.

मी मागच्या दारानं सायकलीकडं निघालो. तिथं चिंचेखाली अण्णा मगदूम उभे होते आणि त्यांच्यासमोर दस्तगीरमामा.

"या सर," अण्णा म्हणाले. "झोपला हुता व्हय माझ्या थेटरात?"

"हो."

"चार वेळा?"

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "अण्णा, सरांचा काय संबंध न्हाई. मी घातलं ते."

"ठावं हाय मला."

"कसं?" मामांनी विचारलं.

"अकरा आठवडे चाललंय ते रीळ माझ्या थेटरात. आवाजावरनं वळखतो मी," अण्णा म्हणाले. "पयल्या दिवशी अंदाज लागला, कायतरी घोळ हाय. शिव्या देत जिन्यानं वर चाललो हुतो. बाल्कनीच्या दारात थांबलो." त्यांनी चिंचेच्या खोडावरची एक मुंगी बोटानं बाजूला केली. "दिवाळीत आई गेली माझी. पाव्हण्यांचं जेवणखाण, गाड्या, ह्येला निरोप, त्येला निरोप. रडायचं ऱ्हाऊन गेलं. मागनं रडावं म्हटलं तर लोक म्हंत्यात, आता काय झालं? तिथं अंधारात सगळंच रडत हुतं. आपल्याकडं कोण बघतंय?"

"तुम्ही पिक्चर बघत नाही ना अण्णा?" मी विचारलं. असले प्रश्न मला नको तेव्हा सुचतात.

"न्हाईच बघत. ती सात मिन्टं बघितली. एकोणीस वेळा."

मामांच्या कपाळावर आठी पडली. बत्तीस वर्षं रिळं जोडलेला माणूस मनात काहीतरी जोडत होता. "अण्णा," ते म्हणाले, "महावीर रोज लेट यायचा..."

"मीच सांगितलं हुतं. फाटकावर रोज एक च्या घिऊन मगच ये म्हणून."

"आन् ऊस?"

"ऊस दोनच दिवस हुता."

मामा सायकलींच्या कठड्यावर बसले. "एकोणीस दिवस माझा जीव टांगणीला हुता अण्णा!"

"आन् माझा न्हवता?" अण्णा उसळले. "तू येखाद्या दिवशी लावायला इसरलास तर?"

मग ते माझ्याकडं वळले. एकूण प्रकरणात कुणावर तरी रागवायचं राहिलं होतं आणि मी सोयीचा होतो. "आन् तुमी कशाला मधी कडमडला सर? मी उठतच हुतो बोलायला."

"काय बोलणार होता?"

"हाय म्हणून सांगणार हुतो. माझं थेटर. मी म्हंतो आक्का हाय. विषय संपला."

मी सायकलीचं कुलूप काढलं.

तिसरा भाग लागला, 'खूंखार टापू का आखिरी अंडा'. या खेपेला प्रिंट अख्खं आमचं होतं, शिरोळचं वेगळं. महावीरला फाटकावर चहा प्यायचं काही कारण उरलं नव्हतं. मी शनिवारी सहाच्या खेळाला गेलो. गाव माझ्याशी अजून धड बोलत नव्हतं, त्यामुळं माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर दिवाण येऊन बसले. हातात वही आणि एक छोटी बॅटरी.

"काल शिरोळला पाहिला," ते म्हणाले. "सदराचा पहिला लेख आहे, म्हणून दुसऱ्यांदा बघतोय. फालतू आहे. पण न्याय दिला पाहिजे."

फालतू होता. पाऊण खेळ दिवाणांचं पेन सरसर चालत होतं. शेवटी बेटावर स्फोटकं लावली जातात. आखिरी अंडं एकटं वाळूत पडलेलं असतं. मोठा झालेला बाळ्या लांबून ते बघतो. घड्याळाचे आकडे उलटे पळतात. दहा, नऊ, आठ.

पडदा किंचित थरथरला. उजव्या कडेला हिरवट ओरखडा आला. आणि मुसळधार पाऊस.

"आक्का आली रं!"

थेटरनं छत उचललं. शिट्ट्या, पडद्यावर उधळलेली चिल्लर, पुढून कुठूनतरी उदबत्तीचा वास. पाटणे तलाठी उभे राहून माझ्याकडं हात करून ओरडत होते, "झोपू नगा सर! बघा! बघा!" मग हळूहळू सगळं शांत झालं, कारण आक्का अंडं चाटायला लागली होती. मी मान वळवून पाहिलं. बाल्कनीच्या दारात, पडद्याच्या फटीत, एक टोपी दिसत होती.

दिवाणांचं पेन थांबलं होतं. बॅटरी विझली होती. आक्का हंबरली तेव्हा माझ्या शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला.

मग बाळ्यानं ते अंडं तोंडात धरलं आणि पाण्यात उडी घेतली. मागं बेट फुटलं.

बाहेर आल्यावर दिवाण बराच वेळ चष्मा पुसत होते. मी त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. माझ्याकडं आता दुसरं स्वप्न शिल्लक नव्हतं.

"हेरवाडे," ते शेवटी म्हणाले, "काल शिरोळला हा भाग नव्हता."

"असं?"

"म्हणजे गेल्या वेळीही तुमचंच बरोबर असणार. सीडीत वेळ वाचवायला कापतात, ते ऐकून होतो." त्यांनी चष्मा घातला आणि आवाज खाली आणला. "पण आमच्या शिरोळचा ऑपरेटर इतका चोर असेल असं वाटलं नव्हतं."

'शवविच्छेदन'चा पहिला लेख पुढच्या रविवारी आला. उत्तरभागांविषयी आपलं मत आपण बदलत आहोत, संपूर्ण चित्रपट पाहायचा असेल तर वाचकांनी जयसिंगपूरला जावं, असं त्यात लिहिलं होतं. खाली आक्काच्या त्या सात मिनिटांवर मोठा परिच्छेद होता आणि त्यात 'परदेशी दिग्दर्शकाचा संयम' हे शब्द होते. एकदा नाही, तीन वेळा.

शब्द माझेच होते. पण मूळ जागेवरून उचलून दुसरीकडं लावल्यावर ते अधिक शोभत होते, हे मला मान्य करावं लागलं.